टुणटुणच्या फोटोखाली उमादेवी हेही नाव छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या हिंदी सिनेमातल्या विनोदी कलाकारांवर पानभर लेख होता. जॉनी वॉकरवर चांगलं सविस्तर होतं, मेहमूदवरही होतं, आणि टुणटुणच्या वाट्याला आली एक ओळ, की तिने आपल्या लठ्ठपणाच्या जोरावर लोकांना हसवलं. बास, एवढंच. सोबत छोटासा फोटो. मी तो लेख दोनदा वाचला, मला वाटलं पुढच्या कॉलममध्ये तरी काही असेल, पण नव्हतं. पत्र लगेच लिहायला घेतलं होतं पण तेव्हा फार राग आला होता म्हणून चार दिवस थांबले.

टुणटुण म्हणजे उमादेवी खत्री, आणि ती आधी गायिका होती, म्हणजे हौशी वगैरे नाही, संगीतकार नौशादकडे गाणारी, करारावर घेतलेली गायिका. १९४७ च्या ‘दर्द’मधलं ‘अफसाना लिख रही हूँ’ तिचं आहे. आजही कराओकेच्या ग्रुपमध्ये ते गाणं कोणीतरी म्हणतंच, आमच्या कोथरूडच्या ग्रुपमध्ये तर दर दोन महिन्यांनी होतं, आणि म्हणणाऱ्या दहा जणींपैकी आठ जणींना माहीत नसतं की हा आवाज टुणटुणचा आहे. मी सांगितलं की आधी हसतात. मग म्हणतात, खरंच?

मला हे कळलं ते आईमुळे. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्या, स्वयंपाकघरात फडताळावर रेडिओ, त्यावर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण. सकाळी भुले बिसरे गीत लागायचं तेव्हा आईची पोळ्यांची वेळ. एकदा हे गाणं लागलं आणि आईने लाटणं तसंच पोळीवर थांबवलं, तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नाही. निवेदकाने नाव सांगितलं, उमादेवी. आई म्हणाली, ही टुणटुण आहे गं. मी तेव्हा सातवीत होते आणि मला ते मुळीच खरं वाटलं नाही, कारण टुणटुण हे माझं शाळेतलं नाव होतं.

हो, मी जाड होते. पाचवीपासून मुलं मला टुणटुणच म्हणायची. आपल्याकडे तर हे नाव जिभेवर चटकन बसतं, भोपळ्याची गोष्ट आपण टुणूक टुणूक करतच मोठे होतो, त्यामुळे हिंदीतल्या टुनटुनचा न जाऊन ण कधी झाला ते कोणाला कळलंही नाही. सातवीत असतानाच स्नेहसंमेलनात मी भावगीताला नाव दिलं होतं. महिनाभर घरी तयारी केली, आईने पेटी शेजारून मागून आणली होती. आयत्या वेळी बाईंनी माझं गाणं काढलं आणि मला नाटुकल्यात घातलं, एकच काम, स्टेजवर यायचं, खुर्चीवर बसायचं आणि खुर्चीसकट मागे पडायचं. अख्खा हॉल हसला. बाई म्हणाल्या, बघ किती टाळ्या मिळाल्या तुला. शाळेचं नाव मी लिहीत नाही, त्या बाईही आता नाहीत, पण त्यानंतर मी चारचौघांत गायले ती थेट वयाच्या पन्नाशीत.

म्हणून त्या सकाळचं ते गाणं मला इतकं पक्कं लक्षात आहे.

आता उमादेवीबद्दल. १९२३ चा जन्म, उत्तर प्रदेशात अमरोह्याकडचं खेडं. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाइकांच्या घरी वाढली, गाणं शिकवायला गुरू वगैरे कोणी नाही, रेडिओवर जे कानावर पडेल ते ऐकून ऐकून गायची. आणि ही मुलगी एकटी मुंबईला येते. चाळीसच्या दशकात. पैसा नाही, ओळखपाळख नाही. नौशादच्या दारात उभी राहून म्हणाली की मला गाता येतं, काम द्या, नाहीतर समुद्रात जीव देते, असं सांगतात. नौशादने ऐकलं आणि घेतलं. निर्माते-दिग्दर्शक ए. आर. कारदारांच्या कंपनीत ती गायला लागली आणि वर्षा-दीड वर्षात ‘दर्द’ आला. त्याच सिनेमात सुरैय्याही होती, सुरैय्या स्वतःची गाणी स्वतः गायची, आणि शकील बदायुनींचं गीतकार म्हणून ते पहिलंच काम. एवढ्या सगळ्यांत मुनव्वर सुलतानावर चित्रित झालेलं उमादेवीचं गाणं गावोगाव पोचलं. पुढच्या वर्षी ‘अनोखी अदा’, आणि त्याच वर्षी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा ‘चंद्रलेखा’, त्याच्या हिंदी गाण्यांतली बरीच तिची.

तिचा आवाज नीट ऐका एकदा. मोकळा आणि सरळ, त्यात उगाच नक्षी नाही, सूर लावला की लावला. शब्द स्पष्ट, उर्दू शब्द गुळगुळीत न करता म्हणते. श्वास कुठे घ्यायचा ते तिला कोणी शिकवलेलं नाही तरी ओळ तुटत नाही. मी स्वतः ते गाणं बसवायला घेतलं तेव्हा कळलं की ऐकायला सोपं वाटतं पण ठाय, म्हणजे संथ लय, राखून म्हणणं अवघड आहे, जरा घाई केली की सगळी मजा जाते.

मग लताबाई आल्या. १९४९ नंतर सिनेमातल्या बाईच्या आवाजाची पट्टीच बदलली, उंच आणि बारीक आवाज हवा झाला, आणि त्याआधीच्या कितीतरी गायिका मागे पडल्या, उमादेवीही त्यातलीच. यात लताबाईंचा काही दोष नाही, त्यांच्यासारखं दुसरं कोण होणार. पण दुसरी कोणी असं झाल्यावर घरी बसली असती. उमादेवीला नौशादने सांगितलं की तू अभिनय कर, तुझ्या बोलण्यातच विनोद आहे. ती म्हणे अडून बसली की पहिला सिनेमा दिलीपकुमारबरोबरच करणार! आणि १९५० च्या ‘बाबुल’मध्ये तसं झालंही. तिथून ती टुणटुण झाली. गुरुदत्तने तिला ‘आरपार’मध्ये घेतलं, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये घेतलं, ‘प्यासा’मध्येही ती आहे. जवळपास दोनशे सिनेमे केले तिने, १९९० पर्यंत काम केलं. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत गेली.

आता माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी बऱ्याच वर्षांपासून सिनेमे बघून सांगतेय, की ती हसवायची ती आवाजाने. तिचा कुठलाही जुना सीन लावा आणि डोळे मिटून नुसतं ऐका. वाक्य कुठे ओढायचं, कुठे एकदम तोडायचं, लाडात बोलता बोलता आवाज कधी चढवायचा, हे गाणाऱ्या माणसाचं काम आहे, लय कळल्याशिवाय ते येतच नाही. समोरच्या नटाचं वाक्य संपायची ती वाट बघते, अगदी अर्धी मात्रा, आणि मग बोलते. समेवर येते म्हणा ना. लेखकांनी तिला बहुतेक वेळा आडव्या अंगाचेच विनोद लिहून दिले, ते तिच्या हातात नव्हतं, पण दिलेल्या दोन ओळींतही ती लोकांना हसवून जायची ते या कानामुळे.

आणि लठ्ठपणावरच हसू येत असतं तर शुभा खोटेंचं काय? आपल्या शुभाताई, सायकलिंगच्या आणि पोहण्याच्या चॅम्पियन, चवळीच्या शेंगेसारख्या, त्यांनीही मेहमूद आणि धुमाळांबरोबर तेवढंच हसवलं की. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही की बारीकपणाच्या जोरावर हसवलं. टुणटुणचं मात्र वजनच लिहिलं जातं.

हे सगळं जुनं झालं, आता कशाला, असं तुम्ही म्हणाल म्हणून एक सांगते. यंदाच्या गणपतीत आमच्या सोसायटीत मुलांचे कार्यक्रम होते. आठ वर्षांची एक गोड मुलगी नाचायला उभी राहिली आणि मागून तिच्याच वयाचा मुलगा ओरडला, ए टुणटुण. त्या मुलाने टुणटुणचा एक सिनेमा बघितलेला नाही, तिचा चेहरा त्याला माहीत नाही, ती जाऊनही त्याच्या जन्माआधी कितीतरी वर्षं झाली. मग शब्द आला कुठून, तर घरातून. आईबाबांकडून, आजीआजोबांकडून. त्या मुलीचा नाच मधेच थांबला, तिने फ्रॉक खाली ओढला आणि ती आईकडे बघायला लागली. मला जागच्या जागी सातवीतला तो हॉल आठवला. मी पुढे जाऊन तिच्या आईशी बोलले, त्या मुलाच्या आजोबांशीही बोलले, ते म्हणाले अहो गंमत हो. मला ती गंमत वाटत नाही.

२०२३ साली उमादेवीची जन्मशताब्दी होऊन गेली. पुण्यात एवढे गाण्याचे कार्यक्रम होतात, आज एका संगीतकारावर, उद्या एका गीतकारावर, पण तिच्यावर एखादा झालेला निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्याकडे लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय आहे, तिथे एका संध्याकाळी तिचं गाणं असलेला एक सिनेमा आणि तिचा अभिनय असलेला एक सिनेमा असे लागोपाठ दाखवले तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन, आणि आमच्या ग्रुपच्या पंधरा-वीस जणी तरी घेऊन येईन. कार्यक्रम करणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. तिची गाणी फार नाहीत, पण दोन तासांचा कार्यक्रम सहज होईल, मधे मधे तिच्या संवादांच्या क्लिप लावल्या तर लोकांना आपोआप कळेल की आवाज एकच आहे.

तुमच्याकडून मात्र एकच हवंय. लेख लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं असेल. पण यापुढे तिचा फोटो छापाल तेव्हा खाली ‘गायिका व अभिनेत्री उमादेवी उर्फ टुणटुण’ असं छापा, आणि नावं याच क्रमाने.

आपली,
चाळीस वर्षांपासूनची एक वाचक
कोथरूड, पुणे