गोप्याला पोळी नको

पुणे, ११ मार्च

प्रिय आई-बाबा,

शि. सा. न.

गोप्या सशाच्या खाण्याचं फोनवर सांगून झालं, पण बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि आई निम्मं ऐकून "बरं बरं, बघते" म्हणते. म्हणून लिहूनच पाठवते. वाचून झालं की कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

बाबा, गोप्या वयामुळे वाळला असं तुमचं म्हणणं होतं. तो ६ वर्षांचा आहे. नीट सांभाळलेला ससा ८-१० वर्षं सहज जगतो, त्यामुळे ती सबब चालणार नाही. त्याचं एरवीचं वजन ३.४ किलो. परवा डॉक्टरांकडे भरलं २.५. पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका हाताला लागत होता. लोकर दाट असते म्हणून लांबून काही कळत नाही. सशाचं वजन डोळ्यांनी बघायचंच नसतं, हातानं बघायचं.

कारण निघालं तोंडात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला साधारण २-३ मिलिमीटर. गवत चावताना जबडा आडवा फिरतो, त्यात ते झिजतात. गोप्याच्या खालच्या दाढांना आतल्या बाजूनं टोकं आली होती, ती जिभेला टोचून जखम झाली होती. भूक लागायची, वाटीपाशी यायचा, वास घ्यायचा, एक पान उचलून खाली टाकायचा आणि निघून जायचा. आई, तुला ते नखरे वाटले, पण तो दुखण्यापायी मागे सरत होता. हनुवटी ओली राहायची तीही त्याचीच खूण. आता भूल देऊन टोकं घासून काढली आहेत. लेंड्या तपासल्या, त्यात जंत वगैरे काही नाही. टोकं पुन्हा येऊ शकतात, त्यामुळे दर काही महिन्यांनी तोंड दाखवावं लागेल. बाबांच्या कवळीसारखं एकदा बसवलं आणि सुटलो, असं इथे नाही.

आता मुद्द्याचं. आई, वजन वाढवायचं म्हणजे काहीतरी पौष्टिक चारायचं, हे तुझ्या हाताला लागलेलं वळण आहे. आम्ही सगळे त्यावरच वाढलो. पण दूध-पोळी, खारी, मारी बिस्कीट, भिजवलेले पोहे यांतलं काहीही गोप्याला नको. एक घाससुद्धा नको. सशाच्या पोटात लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते. तिच्यातले जंतू गवतातला चोथा आंबवतात आणि त्यातून त्याला बळ मिळतं. तिथे पीठ-साखर पोचली की भलतेच जंतू माजतात, गॅस होतो, जुलाब लागतात. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलं ते बाहेर काढायला दुसरी वाट नाही. लाडानं दिलेल्या पोळीनं तो आणखी वाळेल.

पहाटे तो मान वाकवून स्वतःचीच मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेली विष्ठा खातो ते बघून तू "शी" म्हणालीस. खाऊ दे. त्या पिशवीत तयार झालेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तो अशीच पदरात पाडून घेतो. उलट ती जमिनीवर तशीच पडलेली दिसायला लागली तर मला कळव. म्हणजे खाणं जड झालंय किंवा त्याला वाकता येत नाहीये.

मग द्यायचं काय? गवत. चोवीस तास, त्याच्या अंगाएवढा ढीग समोर असलाच पाहिजे. पुण्यात आम्ही परदेशी टिमोथी गवताच्या पिशव्या आणतो आणि त्यांची किंमत मी तुम्हाला सांगणार नाही. वाईत त्याची फारशी गरज नाही. तू गणपतीला दूर्वा वाहतेस ती हरळी त्याला उत्तम. फवारणी केलेल्या बांधावरची किंवा रस्त्याकडेची मात्र नको. ओली हरळी थोडी थोडी वाढवत न्यायची. बाकीची सावलीत पातळ पसरून वाळवायची. नीट वाळली की हिरवटपणा राहतो आणि छान वास येतो. काळपट पडलेली, कुबट वासाची सरळ फेकून द्या. भाताच्या पेंढ्यात कस नाही, तो खाली अंथरायला ठेवा. आणि शेजारच्या वावरातली कोवळी ज्वारी कुणी आणून दिली तरी नको. ती गुरांनाही बाधते, हे बाबांना सांगायला नको.

लसूणघासाचं, म्हणजे गुरांना घालतात त्या हिरव्या घासाचं, वेगळं आहे. त्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे वाळलेल्या सशाला त्याचा उपयोग होतो. पण चुनाही (कॅल्शियम) भरपूर. ससा खाण्यातला चुना बेतानं न घेता जवळजवळ सगळाच रक्तात ओढून घेतो आणि जास्तीचा लघवीतून टाकतो. लघवी पिठाळ, दाटसर दिसली की समजायचं प्रमाण जास्त झालं. म्हणून सध्या दिवसाला एकच मूठ, वजन आलं की बंद. ताज्या कापलेल्या घासाचा भारा तसाच ठेवला की आतून गरम होतो. तसा गरम झालेला अजिबात घालू नका.

पेलेट, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, डॉक्टरांनी दिवसाला ६० ग्रॅम सांगितले आहेत, सकाळी ३० आणि संध्याकाळी ३०. तो मागेल, मागच्या पायांवर उभा राहील, बाबा विरघळतील, तरी तेवढेच. पेलेटनं पोट भरलं की गवत सुटतं, आणि गवत सुटलं की दाढा पुन्हा वाढतात. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही एकच आहे, बाकीचं थोडं इकडे-तिकडे झालं तरी निभेल. भाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, शेवग्याची आणि जास्वंदीची पानं चालतील. कांदा, लसूण, अळू, बटाट्याचा-टोमॅटोचा पाला नाही.

बाबा, वजनाची वही तुमच्याकडे. विकास सोसायटीची दप्तरं सांभाळलीत, ही त्यापुढे किरकोळ आहे. एक दिवसाआड, सकाळी पेलेट घालायच्या आधी, एकाच काट्यावर. भाजीच्या टोपलीत बसवायचं आणि टोपलीचं वजन वजा करायचं. २०-३० ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर मनावर घेऊ नका, तेवढा फरक लघवीनंही पडतो. आठवड्याला ५० ग्रॅम चढला तरी मी पेढे वाटीन. घाईनं चढवायचंच नाहीये. वजनाखाली लेंड्यांचाही एक रकाना ठेवा: गोल, मोठ्या, भरपूर असल्या तर बरोबर चिन्ह. बारीक झाल्या, कमी झाल्या तर मला फोन.

जिभेची जखम भरेपर्यंत तो कमी खाईल. तेव्हा पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करायचा आणि बिनसुईच्या सिरिंजनं भरवायचा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूनं. एका वेळी १ मिली, त्यानं चावून गिळलं की पुढचा. उताणा धरून मुळीच नाही, लगदा श्वासनलिकेत जाईल. हे काम आईनं करावं, तिच्या हाताला घाई नाही.

आणि १२ तास त्यानं काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. कुबड काढून कोपऱ्यात बसला, दात करकर वाजवायला लागला तरी तेच. सशाचं पोट थांबलं की जिवावर बेततं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आपल्याला जवळ आहे. तिथे सशाला कोणत्या वेळी बघतात ते बाबांनी आत्ताच विचारून या पत्रावर लिहून ठेवावं. तुमच्या खणातल्या उरलेल्या कॅप्सूल मात्र त्याला कधीच देऊ नका. अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तर पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यात ससा दगावतो.

ऊन वाढायला लागलंय. तिशीच्या वर पारा गेला की सशाचं खाणं उतरतं, तेव्हा दुपारी त्याला पडवीतून माजघरात घ्या. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवा, जास्त पितो. आणि ते शेजारचं मांजर खिडकीत बसतं, ती खिडकी लावत जा. मांजर समोर असताना कोण जेवेल?

आता तुमच्याबद्दल. त्याला उचलायला कुणीही वाकू नका. एक तर आईचे गुडघे आणि बाबांची कंबर. शिवाय धरताना मागचे पाय लोंबकळले आणि त्यानं लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडू शकतो. टोपली जमिनीवर आडवी ठेवा, आत कोथिंबिरीची काडी टाका, तो आपणहून आत जातो. मग टोपली दोघांनी मिळून उचला. हे सगळं झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. मी त्याला घेऊन येईन, चिरंजीव काय म्हणतील ते मी बघते. पण बाबा, तुम्ही "झेपतंय" म्हणालात तर मी आईला वेगळं विचारणार आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. डिजिटल काटा, सिरिंजा आणि पेलेटची पिशवी आणते. वाईहून काही पाठवायचं काढून ठेवू नका, आधीच्या हळदीची बरणी अजून अर्धी आहे.

तुमची,
ताई

ता. क. आळीतली पोरं गाजरं घेऊन येतील. गाजर गोड असतं, नखाएवढा तुकडा पुरे. पाला मात्र सगळा मागून घ्या.