भरपाईही खड्ड्यातच?

महोदय,

खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. वाहनाच्या नुकसानीचे मात्र काय? पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आपटून माझ्या दुचाकीचे रिम वाकले, छायाचित्रे व गॅरेजचे बिल जोडून अर्ज दिला, तेव्हा आमच्या नगरपरिषदेने जलवाहिनीच्या ठेकेदाराकडे बोट दाखवले, ठेकेदाराने पुन्हा नगरपरिषदेकडे पाठवले आणि दरम्यान खड्डा (माझा एकमेव साक्षीदार!) मुरूम टाकून बुजवण्यात आला. आता पंचनामा मागतात. अर्जाची पोच मिळावी, ठरावीक मुदतीत निर्णय व्हावा आणि नकाराचे कारण लेखी कळवावे, एवढीच मागणी आहे.

– एक करदाता