उकळलेल्या एन्झाइमची नळी

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

अमायलेजचे (स्टार्च तोडून माल्टोज ही साखर करणाऱ्या एन्झाइमचे) आकडे रोज वेगळे येतात असं लिहिलंस. तुझी कृती बरोबर आहे: अर्धा मिली १ टक्का स्टार्च, अर्धा मिली एन्झाइम, मग १ मिली डीएनएस (साखरेबरोबर रंग देणारं द्रावण), उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, थंड करून १० मिली पाणी आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग. गडबड बहुधा वेळेत आहे. एकाच वेळेवर विसंबू नकोस. २, ४ आणि ६ मिनिटांना नळ्या थांबव. वेळेविरुद्ध काढलेली रीडिंगची रेषा सरळ नसेल, तर एन्झाइम जास्त आहे आणि स्टार्च सुरुवातीलाच तुटून जातोय. अशा वेळी एन्झाइम पातळ कर. वेळ कमी करून भागत नाही, कारण मिनिटाच्या आत पिपेटिंगचीच चूक मोठी होते.

स्टार्च आधी गार पाण्यात कालव, मग उकळत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ओत, नाहीतर गुठळ्या होतात. लाळेचं किंवा स्वादुपिंडाचं अमायलेज असेल तर ६.९ पीएचच्या बफरमध्ये मीठ हवंच. क्लोराइडवाचून ते मंदावतं. ब्लँकमध्ये, म्हणजे क्रिया न झालेल्या तुलनेच्या नळीत, डीएनएस आधी, एन्झाइम नंतर. डीएनएसमधला अल्कली एन्झाइमला तिथेच थांबवतो. प्रमाणरेषा (माहीत प्रमाणांच्या रीडिंगची रेषा) माल्टोजची काढ. डीएनएसबरोबर माल्टोज तितक्याच मोल ग्लुकोजपेक्षा गडद रंग देतो, म्हणून ग्लुकोजच्या रेषेवर एन्झाइमची युनिट (क्रियाशीलतेची मापं) फुगतात.

आणि उकळलेल्या एन्झाइमची नळी कधीही वगळू नकोस. तिच्यात काही घडू नये अशी आपली अपेक्षा असते, पण अर्जेंटिनाचे जीवरसायनशास्त्रज्ञ लुईस लेलोईर यांचं साखरेवरचं मोठं काम उकळलेल्या अर्कातूनच निघालं. ब्युनोस आयर्समधल्या छोट्या संस्थेत ते आणि सहकारी यीस्टमध्ये गॅलॅक्टोजचं ग्लुकोज कसं होतं ते शोधत होते. एन्झाइम शुद्ध करत गेले तशी क्रिया थंडावली. उकळलेला अर्क घातला की परत सुरू झाली. म्हणजे उष्णतेला न जुमानणारं, प्रथिन नसलेलं काहीतरी त्यात होतं. त्यातून आधी ग्लुकोज-१,६-डायफॉस्फेट मिळालं, मग यूडीपी-ग्लुकोज (युरिडिनच्या फॉस्फेटला जोडलेलं ग्लुकोज). हा दुसरा पदार्थ २६० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतो, हा युरिडिनपर्यंत पोचण्याचा मोठा धागा ठरला. १९५७ साली त्यांनी ग्लायकोजेन (शरीरात साठवलेलं ग्लुकोज) यूडीपी-ग्लुकोजपासून बनतं हे दाखवलं. तोवर फॉस्फोरिलेज हे एन्झाइमच ते पेशीत बांधतं असा समज होता. फॉस्फोरिलेज प्रत्यक्षात मुख्यतः तोडण्याचं काम करतं. १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल या शोधांसाठी मिळालं. गॅलॅक्टोजचं ग्लुकोज करणाऱ्या याच मार्गातलं एक एन्झाइम जन्मतः नसलं तर बाळाला आईचं दूधही सोसत नाही, म्हणून मला हे काम इतकं मोलाचं वाटतं.

पुढच्या पत्रात तिन्ही वेळांचे आकडे आणि एन्झाइम किती पट पातळ केलंस ते कळव.

तुझी,
आई

ता. क. ग्लुकोज मोजायला ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम वापरणार असशील तर ग्लुकोजचं प्रमाण द्रावण आदल्या रात्री करून ठेव. ग्लुकोजची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात; बाटलीतलं ग्लुकोज बहुतेक अल्फा रूपात असतं आणि हे एन्झाइम बीटालाच धरतं. पाण्यात मुरल्यावर बीटा ६४ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं; ताज्या द्रावणाचं रीडिंग कमी येतं.