सावडायला काय ठेवू?

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय शैले,

तुझा मेसेज आला त्याला आज त्रेसष्ट दिवस झाले. ‘मी आहे’ एवढंच लिहिलं होतंस. ते मी रोज उघडते, बघते आणि फोन पालथा घालते. अण्णा गेले म्हणून गप्प नव्हते गं. तुला कुठल्या तोंडानं लिहू, म्हणून गप्प होते. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, ह्यांची शुगर काठावर आहे. झालं.

अण्णांचं देहदान झालं नाही.

आता आधी हसून घे. १९९४ साली मी तुला जे सात पानी पत्र पाठवलं होतं, ते अजून जपून ठेवलं असशील (ठेवलंच असशील, खुनशी आहेस), तर त्याची झेरॉक्स काढून मलाच पाठव. त्यात मी लिहिलं होतं की नानांनी ‘माझा दहावा करू नका’ म्हणून बजावलं असताना तू काकांपुढं नांगी टाकलीस, कृष्णेच्या घाटावर पदर खोचून पिंड बघत उभी राहिलीस, आणि शिकलेल्या बाईनं असं केलं तर बाकीच्यांनी काय करायचं. शेवटी ‘तुझी अजूनही मैत्रीण’ अशी सही केली होती. त्या ‘अजूनही’वरून आपण दोन वर्षं बोललो नव्हतो.

अण्णांचा फॉर्म मीच आणून दिला होता. साक्षीदार म्हणून सही माझीच. तुला त्यांचं आवडतं व्याख्यान आठवत असेल, जेवायला बसलं की सुरू व्हायचं. जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, मला जाळू नका, मिठात पुरा; घरामागं खड्डासुद्धा खणून ठेवला होता; पण १८९० साली नगरपालिकेनं परवानगी दिली नाही आणि शेवटी दहनच करावं लागलं. मग भाताचा घास घेऊन म्हणायचे, ‘‘जोतीरावांना नगरपालिका आडवी आली, मला तुम्ही घरचेच येणार.’’ आम्ही हसायचो. तू तर एकदा ताटात ठसका लागेपर्यंत हसली होतीस.

रात्री अडीचला गेले. डॉक्टर येऊन सर्टिफिकेट लिहून गेले. डोळ्यांचं मला पाठ होतं. सहा तासांच्या आत व्हायला लागतं, म्हणून मीच नेत्रपेढीला फोन केला, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली, पंखा बंद केला. आणि आई सारखी म्हणत होती, ‘‘पंखा लावा गं, त्यांना उकडतंय.’’ तीन वेळा तिनं उठून बटण लावलं, तीन वेळा मी बंद केलं. साडेचारला माणसं आली, वीसेक मिनिटांत काम उरकून गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं म्हणून मला धाकधूक होती, पण बुबुळ चालतं म्हणाले. चेहऱ्यात काही फरक नाही. त्या वेळी मी स्वतःवर इतकी खूश होते शैले, की लाज वाटते.

उजाडल्यावर मी पर्समधून देहदानाचं कार्ड काढलं. बाळ्या आडवा येणार, वहिनी रडून गोंधळ घालणार, आत्या शाप देणार, सगळ्यांसाठी माझ्याकडं उत्तरं तयार होती. कितीतरी वर्षं घोकलेली. तर बाळ्या म्हणतो, ‘‘ताई, तू म्हणशील तसं.’’ वहिनी गप्प. आत्यासुद्धा गप्प! आणि आई कोपऱ्यातून, अगदी साध्या आवाजात, भाजी काय करायची विचारावं तसं म्हणाली, ‘‘डोळे दिलेत ते चांगलं केलंत. पण सगळंच दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी काय सावडू?’’

ह्याचं उत्तर अण्णांनी मला शिकवलं नव्हतं.

फॉर्म भरला म्हणजे झालं असं नसतं, हे तुला माहीत आहे. ती नुसती इच्छा. देह हवाली करायचा तो घरच्यांनीच, आणि घरच्यांपैकी एकजण जरी नको म्हणाला तरी कॉलेजवाले ओढून नेत नाहीत. आई ‘नको’ म्हणालीच नव्हती. तिनं फक्त विचारलं होतं. ते कार्ड मी परत पर्समध्ये टाकलं. कुणी मला अडवलं नाही. तुझ्यापुढं निदान काका तरी होते.

मग पंचगंगेवर नेलं. शेणीच रचल्या. इथं महापालिका फुकट करते सगळं, पण त्या शेणी लोकांनी दिलेल्या असतात. दर होळीला अण्णा गल्लीतल्या पोरांशी भांडून होळी लहान करायला लावायचे आणि उरलेल्या शेणी टेम्पोत घालून स्मशानात पोचवायचे. ‘‘ॲडव्हान्स भरून आलो,’’ म्हणायचे. देहदानाचा फॉर्म खिशात असलेला माणूस! तिरडीपुढं विस्तवाचं टिटवं बाळ्यानं धरलं. मी धरते, असं तोंडापर्यंत आलं होतं. सावित्रीबाईंनी त्या काळात जोतीरावांचं धरलं, आणि मी २१ व्या शतकात विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं रक्षा सावडली. एकेक अस्थी पदराच्या टोकानं पुसून मडक्यात ठेवत होती, तांदूळ निवडावेत तशी. कुणाशी बोलली नाही. रक्षा नदीत सोडायची नाही एवढं मात्र मी हट्टानं करून घेतलं. शेतात नेली आणि बांधावर आंबा लावला. (बाळ्यानं हापूस आणलाय. आपल्या मातीत तो काय डोंबल धरणार, पण बोलले नाही.)

आणि कावळा. तो सांगायचाच राहिला होता, खरं म्हणजे टाळत होते. पानात सगळं अण्णांच्या आवडीचं, कांदाभजीसुद्धा. पाऊण तास कावळा फिरकेना. आला तो शेजारच्या लोकांच्या पानाला शिवून गेला. आमच्याकडं सगळे नवस बोलल्यासारखे बोलायला लागले: आईला बघू, शेत विकणार नाही, नातवाला इंजिनिअर करू. मी मागं हाताची घडी घालून उभी होते, पन्नास वर्षांची बुद्धिवादी. आणि माझ्या तोंडून हळूच निघालं, ‘‘अण्णा, चुकलं माझं. या आता.’’ तरी आला नाही. शेवटी उन्हानं वैतागून सगळे बाभळीखाली सरकलो, तेव्हा एकजण आला आणि फक्त भजी घेऊन गेला.

घरी येऊन मी न्हाणीत जाऊन हसले की रडले, मला सांगता येणार नाही.

तुझं काय चाललंय? गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? बंगळुरात नातीशी कानडी बोलतेस की ती तुझ्याशी इंग्रजी? सुनेला लोणच्याचा मसाला पोचला का, कळव.

आता माझं ऐक. मी माझा फॉर्म आणलाय. डोळे द्यायचे, देह द्यायचा. पोस्टमॉर्टेम झालं, कावीळ निघाली, तसलं काही होऊन कॉलेजनं नाकारलंच, तर शेणी. चौकात माझा फ्लेक्स लावायचा नाही; त्या पासपोर्टच्या फोटोत मी फरारी आरोपी दिसते. दहावा नाही, तेरावा नाही. लोकांना चहा द्यायचा, साखर घालून. हे सगळं मी श्रीला जेवताना सांगितलं तर म्हणाला, ‘‘आई, आमटी वाढ.’’ हे म्हणाले, ‘‘तू आधी जायचंच कशाला?’’

दोन महिन्यांपूर्वी मी दोघांनाही झापलं असतं. आता श्रीच्या पाठमोऱ्या मानेकडं बघत बसते. हा वरून दगड, आतून आजीवर गेलाय. उद्या त्यानंही तसंच विचारलं तर? सात पानी पत्र लिहिणारी बाई तेव्हा टेबलावर पडलेली असेल, पहिल्या वर्षाची पोरं भोवती. वेणी कापून ठेवू का त्याच्यासाठी? वेणी तरी कुठली राहिलीय, शेपूट आहे. चष्म्याची डबी? सावड म्हणावं ती.

फॉर्म सोबत पाठवतेय. साक्षीदाराच्या रकान्यात पेन्सिलनं फुली केलीय, तिथं सही कर. एक सही घरातल्याची लागेल, ती श्रीकडून घेईन, आमटी झाल्यावर. नको वाटत असेल तर करू नकोस, पण मग फॉर्म परत पाठव, फाडू नकोस. फोटो काढून पाठवू नकोस, टपालानंच पाठव.

तुझी,
कुंदा

ता. क. नानांच्या वेळी कावळ्याला किती वेळ लागला होता? सात पानं लिहिली, पण हे मी विचारलंच नव्हतं.