हाड जुळले, पाय मात्र गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला फ्रॅक्चरवरचा लेख वाचला. दूध, नाचणी, कोवळे ऊन, सगळे आले. चौकटीत ठळक छापले आहे, 'हाड जुळले की पाय पूर्वीसारखा'. याच समजुतीवर विसंबून मी पाय घालवून बसलो आहे.

2011 च्या जूनमध्ये स्कूटर घसरून माझी डावी नडगी मोडली. मांडीपर्यंत प्लास्टर, दहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात आतून पोटरी ठणकू लागली, बोटे सुजली. "प्लास्टर आहे, एवढं चालायचंच," असे सांगून मला घरी पाठवले. प्लास्टर निघाले तरी सूज तशीच, तेव्हा "चालायला लागलात की उतरेल." मी वर तेल लावून पोटरी रगडूनही घेत होतो. अशी सूज शिरेतल्या रक्ताच्या गुठळीची असू शकते आणि ताजी गुठळी अशाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे कुणी सांगितले नव्हते.

डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाली थेट 2013 मध्ये. तोवर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडली होती, आणि खाजेवर चार महिने गजकर्णाचे मलम चोळून झाले होते. खोल शिरेत जुनी गुठळी निघाली. तिने शिरेतल्या झडपा निकामी केल्या, त्यामुळे वर चढायचे रक्त घोट्याशी साचते. एक्स-रेत हाड मात्र सुरेख जुळलेले दिसते.

आता रोज सकाळी पाय पलंगाखाली सोडण्याआधी दाबाचा मोजा चढवावा लागतो. पायाला पावडर लावून, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून सौ. तो टाचेवरून इंच इंच ओढते. एक दिवस चुकला, की संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबला तर पडलेला खळगा लवकर भरत नाही. 2019 मध्ये घोट्यावर डास चावला, मी खाजवले. ती जखम भरायला सात महिने लागले.

प्लास्टरमधला पाय नव्याने ठणकू लागला, सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि डॉपलरबद्दल विचारा. अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर थेट इस्पितळ गाठा. एवढ्या ओळींना चौकटीत जागा नव्हती का?

आणखी एक. अशा पायाला एका जागी तासन् तास उभे राहणे सोसत नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या बँकेत दीड तास उभा होतो. पूर्वी तिथे दोन बाकडी होती, रंगकामात काढली ती परत आलीच नाहीत. येत्या नोव्हेंबरच्या आत ती जागेवर यावीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक