रक्त पडतंय, म्हणजे गोठत नाही?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, शौचातून इतकं रक्त जातंय, म्हणजे त्या पेशंटचं रक्त गोठतच नसणार." मला हसू आलं. इंटर्न असताना मीही हेच बोलून सरांची बोलणी खाल्ली होती. फोनवर घाई झाली, म्हणून लिहिते.

तुझ्या पेशंटच्या पोटातले शिगा विष बनवणारे ई. कोलाय जिवाणू, त्यातही ओ१५७ हा प्रकार, सहसा स्वतः रक्तात शिरत नाहीत. ते आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतात. रक्तात जातं ते विष. (नावातले शिगा म्हणजे कियोशी शिगा. १८९७ साली जपानमधल्या आमांशाच्या साथीत त्यांनी जिवाणू शोधला, त्याचंही विष हेच.) या रेणूचे पाच भाग पेशीला धरायला आणि एक मारायला. धरायची जागा म्हणजे जीबी३ हे ग्लायकोलिपिड (साखर जोडलेला मेदाचा रेणू), आणि ते असतं सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरावर. मारणारा भाग रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएमधलं एकच अक्षर, अ‍ॅडेनीन, उपटतो. एकच! तेवढ्याने पेशीत प्रथिनं बनणं बंद. इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं आणि चीडही येते.

आतला थर सोलवटला की शरीर ती जखम समजून प्लेटलेट्स (गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) आणि फायब्रिनचे धागे तिथे लावतं. असंख्य बारीक वाहिन्यांत एकदमच. आतड्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, ती सुजते, जागोजागी मरते आणि तिथून रक्त झिरपतं. म्हणजे तू पाहिलंस ते रक्त भलत्या जागी गोठण्यामुळे आलेलं. प्लेटलेट्स कमी दिसतात त्या तिथे खर्ची पडल्यामुळे. मूत्रपिंडात हेच झालं की एचयूएस, म्हणजे हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम: तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागतं.

प्रतिजैविकांची घाई नको, त्यांनी विष जास्त सुटण्याची भीती असते. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही नकोत. सलाइन मात्र वेळेवर, आणि लघवीवर लक्ष. एचयूएस साधारण आठवड्याने डोकं वर काढतो, पुष्कळदा जुलाब ओसरत असताना.

एकदा माझ्याकडे अशाच जुलाबाच्या पाच वर्षांच्या मुलाचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, तपासायला आला होता. जुलाब थांबले म्हणून त्याला घरी सोडायचं चाललं होतं. स्लाइडवर तांबड्या पेशी फाटून हेल्मेटसारख्या झालेल्या, गुठळ्यांच्या जाळीतून घुसताना फाटतात तशा. प्लेटलेट्स शोधाव्या लागत होत्या. मी तडक वॉर्डात फोन केला. पलीकडचा इंटर्न म्हणाला, "पण मॅडम, रक्त गोठण्याच्या चाचण्या, पीटी आणि एपीटीटी, दोन्ही नॉर्मल आहेत."

"असणारच," म्हटलं, "मूत्रपिंड बघायला क्रिएटिनिन पाठव."

तुझी,
आई