शेवटी सगळी विश्वे एक करायला लावू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत सुपरहिरो कॉमिक्समधल्या समांतर विश्वांवर लेख आला आणि त्याखाली शालेय विद्यार्थ्यांसाठी चार पानी चित्रकथेची स्पर्धा जाहीर झाली. विषय झकास आहे. नियमावलीतला पाचवा नियम मात्र काढून टाकावा, एवढ्यासाठी हे पत्र. 'कथेच्या शेवटी सर्व विश्वे एकत्र येऊन एकच विश्व उरावे, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही', असा तो नियम. लेखाचाही सूर तोच: कॉमिक्समधल्या समांतर पृथ्व्या वाढत गेल्या, वाचक चक्रावले, १९८५ साली सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या अमेरिकेतल्या डीसी कंपनीने त्या मोडीत काढल्या आणि घडी नीट बसली. घडी काही बसली नाही. त्या वर्षापासून जो घोळ सुरू झाला तो निस्तरायला कंपनीला वीस वर्षे पुरली नाहीत, आणि आपण मुलांना नेमक्या त्याच वाटेने पाठवतो आहोत.

दुसरी पृथ्वी मुळात आली कशाला, हे लेखात नाही. ती क्वांटम भौतिकीतून आली, असे लेखक म्हणतात. ह्यू एव्हरेट यांचा अनेक विश्वांचा विचार १९५७चा, हे खरे. पण त्या विश्वांमध्ये ये-जा होत नाही, इथला माणूस तिथल्याला भेटत नाही. कॉमिक्सला तर भेटच हवी असते. इथली दुसरी पृथ्वी निघाली ती संपादकाच्या टेबलावरच्या अडचणीतून. फ्लॅश हा डीसीचा विजेच्या वेगाने धावणारा नायक. १९४०च्या दशकातला फ्लॅश म्हणजे जे गॅरिक. महायुद्धानंतर सुपरहिरोंचा खप ओसरला आणि त्याचे मासिक बंद पडले. १९५६ साली संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी 'शोकेस' मासिकाच्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश आणला, बॅरी ॲलन. पहिल्याच कथेत हा बॅरी जुन्या फ्लॅशचे कॉमिक वाचताना दाखवला. म्हणजे बॅरीच्या जगात जे गॅरिक हे छापील पात्र ठरले. पुढे दोघांची गाठ घालून द्यायची ठरली तेव्हा हा पेच सोडवणे भाग पडले.

तो सुटला 'द फ्लॅश'च्या १२३व्या अंकात, सप्टेंबर १९६१मध्ये. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फन्टिनो. मुलांच्या कार्यक्रमात बॅरी दोरीवर चढण्याची करामत करतो, वर पोहोचून इतक्या वेगाने कंप पावतो की दिसेनासा होतो, आणि प्रकटतो तो कीस्टोन सिटीत. तिथे जे गॅरिक काम थांबवून बायकोबरोबर निवांत राहतो आहे. खुलासा असा की दोन पृथ्व्या एकाच जागी आहेत, कंपने वेगळी असल्याने एकमेकींना लागत नाहीत. मग जेच्या गोष्टी बॅरीच्या जगात छापल्या कशा गेल्या? तिथले लेखक फॉक्स यांना त्या स्वप्नात दिसत असाव्यात! विज्ञान म्हणून यात दम नाही. कथेचा नियम म्हणून मात्र चोख आहे: एका वाक्यात सांगता येतो, आणि दार कोण उघडू शकेल हेही त्यातच ठरून जाते.

या अंकाचे मुखपृष्ठ स्पर्धकांनी समोर ठेवून बघावे. मधोमध विटांची भिंत. तिच्या एका अंगाने बॅरी धावत येतोय, दुसऱ्या अंगाने जे, आणि दोघांच्या पुढ्यात एकच माणूस, ज्याच्यावर लोखंडी तुळई कोसळते आहे. दोघांनाही ओढून आणणारे काम एकच, मधली भिंत दोघांपैकी कोणालाच दिसत नाही, आपल्याला दिसते. वाचता न येणाऱ्या पोरालाही कळेल.

जे गॅरिकच्या पृथ्वीचा, म्हणजे पृथ्वी-२चा, खरा उपयोग पुढे झाला, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. बॅरीच्या, म्हणजे मुख्य पृथ्वीवरचे नायक म्हातारे होऊ शकत नव्हते, त्यांना सहसा संसार थाटता येत नसे. दर महिन्याला अंक विकायचा असतो. पृथ्वी-२वर ही आडकाठी नव्हती. तिथल्या सुपरमॅनने त्याच्या प्रेयसीशी, लोइसशी लग्न केले, त्याच्या कानशिलावर केस पिकलेले काढत. तिथल्या बॅटमॅनने कॅटवुमनशी संसार थाटला, त्यांची मुलगी हेलेना १९७७मध्ये हंट्रेस म्हणून उभी राहिली, आणि १९७९मध्ये तो बॅटमॅन मेला तो मेलाच. १९६३पासून दरवर्षी दोन्ही पृथ्व्यांच्या संघांची संयुक्त कथा निघे. नवा वाचक त्यात हरवत नसे, कारण कोणती पृथ्वी ते चौकटीच्या कोपऱ्यात लिहिलेले असे आणि नियम तोच १९६१चा. पृथ्वी-३ आली १९६४मध्ये: तिथे कोलंबस अमेरिकेहून निघून युरोप शोधतो आणि नायकांच्या जागी गुन्हेगारांची टोळी आहे. दोन चौकटींत समजते.

आता १९८५. पृथ्व्या मोडीत काढल्या त्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकांच्या मालिकेत, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. कथा म्हणून ती दणदणीत आहे, यात वाद नाही. सातव्या अंकात सुपरगर्ल आणि आठव्यात खुद्द बॅरी ॲलन मरतो. घोटाळा झाला तो मालिका संपल्यावर. पृथ्वी एकच उरली खरी, पण तिचा इतिहास काय, हे प्रत्येक मासिकाने आपापल्या वेळी आणि आपापल्या सोयीने ठरवले. सुपरमॅन १९८६मध्ये पहिल्यापासून सुरू झाला, वंडर वुमन १९८७मध्ये, हॉकमॅनची नवी जन्मकथा १९८९मध्ये. बॅटमॅनचे बरेचसे जुनेच चालू राहिले.

परिणाम बघा. नव्या सुपरमॅनच्या चरित्रात तो लहानपणी सुपरबॉय नव्हताच. पण तिसाव्या शतकातली 'लीजन' ही पोरांची फौज १९५८पासून सुपरबॉयचा आदर्श घेऊनच उभी होती. आदर्शच गेला तर फौज कशी राहील? म्हणून १९८७मध्ये एका खलनायकाने एक छोटे खिशातले विश्व तयार केले होते आणि लीजनचा सुपरबॉय तिथला होता, असे सांगावे लागले. विश्वे कमी करायला निघाले आणि वर्ष-दोन वर्षांत नवे विश्व काढून बसले! वंडर वुमन आताच जगासमोर आली असे ठरले, तर १९६०च्या दशकापासून टीन टायटन्स या तरुण नायकांच्या संघात असलेली तिची धाकटी जोडीदार डॉना ट्रॉय आली कुठून? हॉकमॅन आताच पृथ्वीवर उतरला, तर इतकी वर्षे जस्टिस लीग या नायकांच्या संघाच्या बैठकीत पंख लावून कोण बसत होते? पॉवर गर्ल पृथ्वी-२च्या सुपरमॅनची चुलतबहीण. ती पृथ्वीच नाही म्हटल्यावर तिला अटलांटिसच्या जुन्या जादूगाराच्या घराण्यात बसवले. प्रत्येक ठिगळासाठी वेगळा अंक, आणि तो ज्याच्या हाती लागला नाही त्याला पुढचे काही कळायचे नाही. १९९४मध्ये 'झिरो अवर' नावाच्या मालिकेने पुन्हा डागडुजी झाली. शेवटी २००६-०७मध्ये कंपनीने ५२ विश्वे परत आणली. बॅरीच्या आणि जेच्या साध्या दोन पृथ्व्या कुणाला जड जात नव्हत्या. जड गेले ते अर्धवट पुसलेले पान.

२०११मध्ये पुन्हा तेच. सप्टेंबरमध्ये ५२ मासिके एक नंबरपासून सुरू झाली आणि सुपरहिरो जगात येऊन पाचच वर्षे झाली, असे जाहीर झाले. बॅटमॅनचा इतिहास मात्र ठेवायचा होता. मग पाच वर्षांत त्याच्या हाताखालून चार रॉबिन, म्हणजे त्याचे धाकटे जोडीदार, गेले आणि चौथा, त्याचा स्वतःचा मुलगा डेमियन, दहा वर्षांचा! हे गणित आठवीतला मुलगाही पकडतो.

डीसीच्या प्रतिस्पर्धी मार्व्हल कंपनीकडे शिस्त जास्त आहे, हे डीसीच्या चाहत्यांना आवडणार नाही, तरी आहे. १९७९च्या 'मार्व्हल टू-इन-वन'च्या ५०व्या अंकात थिंग हा दगडी अंगाचा नायक भूतकाळात जाऊन आपल्याच तरुण रूपाला पुन्हा माणूस होण्याचे औषध देतो आणि परत येतो तर स्वतः तसाच दगडी. भूतकाळ बदलला नाही, त्याला नवी फांदी फुटली. हा नियम त्यांनी पुष्कळ वर्षे सांभाळला. २०१३नंतरच्या कथांत दोन विश्वे आदळू लागतात तेव्हा आठ तासांची मुदत असते: दोनपैकी एक पृथ्वी नष्ट केली तर दोन्ही विश्वे वाचतात. किंमत इतकी स्पष्ट असली की नायकाचा निर्णयच कथा होतो. २०१५च्या 'सीक्रेट वॉर्स'मध्ये उरलेसुरले तुकडे एकत्र आले, पण मालिकेचा शेवट झाला तो विश्वे पुन्हा वेगळी उभी करूनच.

आता स्पर्धकांसाठी. चार पाने, पानाला पाच-सहा चौकटी, म्हणजे वीस ते चोवीस चौकटी मिळतात. यात दोनच जगे मावतात. तिसरे घेतले की कुठल्याच जगाला चेहरा राहत नाही. आपले जग चार-पाच चौकटींत, दार एका-दोनांत, बाकी सगळे तिकडे.

जग वेगळे होण्याचा क्षण एकच घ्या आणि तारखेसकट घ्या. मराठीत याचा नमुना जयंत नारळीकरांनी एका कथेत घालून दिला आहे: पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते, एवढाच फरक, पण त्यातून ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत अजून ठाण मांडून बसलेली दिसते, आणि कथेचे नायक गंगाधरपंत मुलाच्या कचेरीत जातात तर त्या नावाचा माणूसच तिथे नसतो. राज्य बदलले, त्याहीपेक्षा मुलगा नाही, हे वाचकाला लागते. नावे बदलून भागत नाही. २००४चा भारतीय स्पायडरमॅन आठवा: पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, काका बेनचे काका भीम. मुंबई आणि धोतर छान काढले होते, पण घटना बहुतेक त्याच क्रमाने. जग वेगळे का झाले, याचे उत्तर कथेत नाही.

नागपुरात तर क्षण शोधायला लांब जायला नको. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली असती तर? आधी नकाशा बदलेल, तो एका चौकटीत उरका. मग रस्ता: लाल एसटीवर 'विदर्भ राज्य परिवहन', विधानभवनासमोरचे अडथळे डिसेंबरपुरते न लागता बाराही महिने, आमदार निवास कायम गजबजलेले. मग घर, आणि खरी गोष्ट इथे आहे: हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत ज्याची तर्री-पोह्याची गाडी वर्षाची कमाई काढते, त्याचे तिथे काय झाले असेल? भरभराट की तिथल्या मोठ्या हॉटेलांनी उठवले? विदर्भ हवा की नको, यावर भाषण करायला संवादांचे फुगे वाया घालवू नका.

दोन जगे वेगळी दाखवायला रंगावर भिस्त ठेवू नका. पुरवणीच्या कागदावर शाई पसरते, फिकट पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात. एका जगाच्या चौकटी पट्टीने आखा, दुसऱ्याच्या हाताने; छपाईत काहीही झाले तरी हा फरक टिकतो. फुग्यात आधी अक्षरे लिहा, मग भोवती रेघ ओढा. आधी फुगा काढला की शेवटचे शब्द चेंगरतात, आणि चित्र लहान करून छापल्यावर तेच वाचता येत नाहीत. दाराचा नियम एका वाक्यात लिहून टेबलावर ठेवा आणि तो कथेत मोडू नका.

पाचव्या नियमाऐवजी 'दोन्ही जगांत ये-जा कशी होते आणि त्याची किंमत काय, हे कथेतून कळावे', एवढे ठेवले तर परीक्षकांनाही गुण द्यायला काहीतरी हाती लागेल.

आणखी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चित्राखालची नावे उलटी पडली आहेत. धातूचे, पंख लावलेले शिरस्त्राण, मुखवटा नाही आणि खाली निळी विजार, तो जे गॅरिक. लाल मुखवट्यातला बॅरी ॲलन. अंतिम तारखेआधी हे छापावे, नाहीतर निम्म्या प्रवेशिका उलट्याच येतील.

आपला,
एक कॉमिक्स-वाचक,
प्रतापनगर, नागपूर